सत्काराची थैली

४ सप्टेंबर १९५३

आज शाळेत जे ऐकलं त्याने रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. मधल्या सुट्टीत हिंदीचे तिवारीजी हसत हसत आले आणि म्हणाले, "बधाई हो, रघुवीर भिया. आपकी भांजी ने कल क्लब में कप्तान साहब को हरा दिया." मी विचारलं, कसला क्लब आणि कोण कप्तान? तर म्हणे टेनिसचा क्लब, आणि कप्तान म्हणजे महूच्या पलटणीतला खराखुरा कप्तान. मी चहा तसाच ठेवून वर्गावर गेलो आणि व्याकरणातले संधी शिकवताना दोनदा चुकलो.

भाची म्हणजे यशोधरा, माझ्या धाकट्या बहिणीची, इंदूची मुलगी. वय एकोणीस. इंदूचे यजमान पांडुरंगराव कराचीच्या बंदरात नोकरीला होते. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत तिघं बोटीने मुंबईला उतरली आणि तिथून नेसत्या कपड्यांनिशी इंदूरला आली. तेव्हापासून रामबागेत आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. पांडुरंगरावांना मी शब्द टाकून गिरणीच्या हजेरीखात्यात लावून दिलं. गल्लीत सगळे त्यांना 'कराचीवाले' म्हणतात. मीही म्हणतो. आले तिथून, तर दुसरं काय म्हणायचं?

संध्याकाळी इंदूला फैलावर घेतलं. ती शांतपणे तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दादा, तिकडे आपल्या लोकांचा जिमखाना होता. तिच्या बाबांनी लहानपणीच शिकवलं तिला." मी म्हटलं, मला कोणी बोललं नाही ते! "तू कधी विचारलंस, दादा, की आम्ही तिकडे काय करत होतो?" हे उत्तर झालं का?

७ सप्टेंबर

पावसाने उघडीप दिली आहे. क्लबात जाऊन यशूला हाताला धरून घरी आणायचं, असं ठरवून निघालो.

हद्द आहे. पांढरा फ्रॉक, तोही गुडघ्यापर्यंत. रामबागेतल्या मुलीचे गुडघे, आणि बघायला अर्धं इंदूर! मी छत्री उघडून तिच्याआड उभा राहिलो, कोणी ओळखू नये म्हणून. समोर एक पारशी बाई खेळत होत्या. मला खेळातलं काही कळत नाही. पण एक पाहिलं. चेंडू रेघेबाहेर पडला की आत, यावर पंचाने यशूच्या बाजूने निकाल दिला, आणि ही पोरगी नेटपाशी जाऊन म्हणाली, "नहीं साहब, बाहर था." मिळालेला गुण परत केला! तो डाव ती हरली. इतकी बावळट मुलगी मी पाहिली नाही.

हाताला धरून आणायचं राहूनच गेलं. सौ.ने विचारलं, "मग? केलंत बंद?" मी म्हटलं, बघू.

२७ सप्टेंबर

आज पुन्हा गेलो होतो. उगीच. त्या बाजूला थोडं काम होतं.

१४ ऑक्टोबर

काय लिहू? यशू जिंकली. मध्य भारत राज्याची महिला विजेती!

अंतिम सामना ग्वाल्हेरच्या मुलीशी होता. राजधानीवरून आपलं आणि ग्वाल्हेरवाल्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यामुळे गर्दी नुसती टेनिसची नव्हती. सहा महिने सचिवालय तिकडे, सहा महिने इकडे, तरी त्यांचं नाक वरच. पहिला सेट यशूने गमावला तेव्हा त्यांच्या बाजूने ज्या शिट्ट्या झाल्या त्या ऐकून माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या सेटला मी उभा राहून ओरडलो. मी! सभेत पायावर पाय टाकून बसलेल्यांनाही जो टोकतो तो मी, "यशू, मार!" असं ओरडलो. पंचाने हात वर करून मला गप्प केलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला गप्प केलं असेल.

चांदीचा कप मिळाला. टेनिस असोसिएशनचे सेक्रेटरी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्टरसाहब, जनवरी में कलकत्ता भेजेंगे इसे, नेशनल में. वहां भी यही जीतेगी, आप लिख लो." लिहून घेतो. कलकत्ता. देशात पहिली. आमच्या मागच्या दोन खोल्यांतून.

२० ऑक्टोबर

सत्कार करायचा, असं महाराष्ट्र मंडळात ठरलं. अध्यक्ष दत्तोपंत होळकरांच्या जुन्या हुजूर ऑफिसातले, आता सचिवालयात, त्यांच्या शब्दाला वजन आहे. पण घाई करावी लागेल. सचिवालय हिवाळ्यासाठी ग्वाल्हेरला निघालं की अर्धं रामबाग त्याच्याबरोबर जातं, मग सभेला बसणार कोण? म्हणून एक नोव्हेंबर.

पैशांची थैली द्यायची ही कल्पना माझी. शाल आणि नारळ काय, निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कलाही देतो. थैली म्हणजे खरा मान. प्रत्येक घराने आपल्या हाताने त्यात काहीतरी घातलेलं असतं. मी स्वतः दारोदार फिरायला सुरुवात केली आहे. कोणी नाही म्हणत नाही. राजवाड्यामागच्या द्वारकाबाई तर मला पाटावर बसवून, कुंकू लावून मग देत्या झाल्या.

रात्री पांडुरंगराव आले. अंगणातच घुटमळत राहिले. म्हणाले, "रघुवीरराव, थैली नको. शाल द्या, कप द्या, भाषण करा. थैली तेवढी नको."

मी विचारलं, का?

"खेळात ते बसत नाही."

मला राग आला. घेण्याची लाज वाटते हे समजू शकतो, पण देणाऱ्याच्या मनाचा काही विचार? मी म्हटलं, "पांडुरंगराव, हे तुमचं कराचीचं ताठ वागणं इथे नको. लोक प्रेमाने देतायत. आता काय घरोघरी जाऊन परत करू?" ते जायला वळले. मग म्हणाले, "बरं. यशूशी बोलतो." पाच वर्षं माझ्या छताखाली राहून यांचा कणा अजून वाकत नाही, हे काही मला पटत नाही. तरी माणूस सरळ आहे.

१ नोव्हेंबर

धन्य झालो. दुसरा शब्द नाही.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. इंदूला पहिल्या रांगेत बसवलं होतं, दत्तोपंतांच्या सौ. आणि द्वारकाबाई यांच्या मधे. दत्तोपंत बोलायला उभे राहिले ते असे बोलले की माझ्या अंगावर काटा आला. "आजपासून हिला कराचीची म्हणू नका हो कोणी. ही आपल्या इंदूरची लेक आहे. आपली लेक!" टाळ्या थांबेनात. इंदू पदर तोंडाला लावून रडत होती आणि दत्तोपंतांच्या सौ.नी तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

मग थैली. लाल मखमलीची, जरीच्या दोरीची. यशू हात पाठीमागे बांधून उभीच राहिली. किती लाजावं माणसाने! तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. पांडुरंगरावांनी इंदूकडे पाहिलं आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. यशूनेही मग आईकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. शेवटी तिने दोन्ही हात पुढे केले आणि वाकून थैली घेतली.

फोटोग्राफरला मी मुद्दाम बोलावलं होतं. पेपरात येईल.

९ नोव्हेंबर

फोटो आला आणि त्याच्यामागून हे आलं.

सेक्रेटरींनी बोलावलं होतं. टेबलावर पेपर पसरलेला, त्यात आमचा फोटो. म्हणाले, "ग्वालियर वालों ने शिकायत की है. लड़की प्रोफेशनल हो गई."

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. डॉक्टर, वकील हे सगळे प्रोफेशनलच. मी म्हटलं, आपली कृपा. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"मास्टरसाहब, खेल के नाम पर जिसने पैसा लिया वो एमेच्योर नहीं रहता. कलकत्ते में सिर्फ एमेच्योर खेलते हैं. कप ले सकते हैं, पैसा नहीं. इसका नाम अब नहीं जाएगा."

"पैसा कहां लिया? सत्कार था! थैली आहे ती! हमारे में रिवाज है, मान के साथ देते हैं."

"रिवाज आपका है. नियम सारी दुनिया का है."

मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. हात जोडले एवढं आठवतं. चौथीतल्या पोरासारखं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सेक्रेटरी माणूस वाईट नाही. त्यांनी पंखा लावला, पाणी दिलं आणि एक वाट सांगितली. थैली मंडळाला परत करायची आणि यशूने कमिटीपुढे सांगायचं की नियम मला माहीत नव्हता, अजाणतेपणी घेतली. "बच्ची है, कमिटी मान जाएगी."

दारोदार मी फिरलो. मी तिला विजेती केलं म्हणत गावभर मिरवलो आणि मीच तिला खेळातून बाहेर काढलं. एका शालीत भागलं असतं.

१० नोव्हेंबर

दुपारी यशूला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकताना जराही दचकली नाही, याचंच मला नवल वाटलं. मी म्हटलं, रविवारी कमिटी आहे. तू एवढंच सांगायचं, मला नियम माहीत नव्हता.

"मामा, मला माहीत होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बाबांनी कराचीतच सांगितलं होतं. टेनिसमधे पहिली गोष्ट तीच सांगतात. त्या रात्री पण सांगितलं, तुमच्याशी बोलून आले तेव्हा. म्हणाले, तू ठरव."

मी ओरडलो. मग घेतलीस कशाला? नाही म्हणायचं!

"कसं म्हणू? आई पहिल्या रांगेत बसली होती." ती बोटाने जमिनीवर रेघ ओढत होती. "पाच साल झाले, मामा. हळदीकुंकवाला आईला दाराजवळ बसवतात, चपला पडतात तिथे. वाण सगळ्यात शेवटी. आई घरी येऊन काही बोलत नाही, पण मला दिसतं ना. आणि त्या दिवशी दत्तोपंत बोलले, आपली लेक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हाच थैली नको म्हटलं असतं तर? मतलब फिर से वही. बघा, किती घमेंड आहे कराचीवाल्यांना." मग थोडं थांबून म्हणाली, "थोडं असं पण वाटलं की ग्वाल्हेरपर्यंत बात जाणार नाही. तेवढी चूक माझी."

मला दोन गोष्टींचा धक्का बसला आणि दुसरा मोठा होता. दुसरा हा, की हे सगळं ऐकून घेतल्यावर मी म्हटलं, "ठीक आहे. तरी तू तसंच सांग. कोणाला कळतंय?" खोटं बोलल्याबद्दल मी मुलांच्या हातांवर छड्या ओढल्या आहेत. माझ्या तोंडून हे इतक्या सहज कसं आलं?

यशू उठून गेली.

सौ.ला विचारलं, पांडुरंगराव नीट का बोलले नाहीत मला? ती म्हणाली, "बोलले की. अंगणात. मी इथे वाती वळत होते, मलासुद्धा समजलं की माणूस काहीतरी सांगतोय." मी म्हटलं, मला तो ताठा वाटला. "तुम्हाला वाटला," ती म्हणाली, आणि वाती वळत राहिली.

१५ नोव्हेंबर

कमिटी झाली.

मी रात्रीच ठरवलं होतं. यशूला बोलू द्यायचं नाही, आपणच उठायचं. पाच जण टेबलामागे, आम्ही समोर, पांडुरंगराव मागे उभे. अध्यक्षांनी कागद उघडायच्या आत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "लड़की को नियम का कुछ पता नहीं था. मैं ब्राह्मण हूं, अध्यापक हूं, कसम से कहता हूं." आवाज अजिबात कापला नाही. सगळ्यांच्या माना हलल्या. एकाने तर लेखणीसुद्धा उचलली. कलकत्ता पुन्हा हाताशी आलं होतं.

तेवढ्यात यशू उठली. "मामाजी झूठ नहीं बोल रहे. उनको पता नहीं था. उन्होंने प्यार में सब किया." मग म्हणाली, "मुझे पता था."

अध्यक्षांना वाटलं पोरगी घाबरली. त्यांनी पुन्हा विचारलं, हिंदीत, मग इंग्रजीत. ती दोन्ही वेळा तेच म्हणाली.

संपलं. तिला कायमचं काढलं. बाहेर पायऱ्यांवर पांडुरंगरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मला वाटतं ते माझ्यावर उपकार म्हणूनच. मी मघाशी खोटी शपथ घेतली आणि भाचीने भर कमिटीत मला खरं ठरवलं. मला कोणी थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

३ जानेवारी १९५४

फार दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

कलकत्त्याचे सामने सुरू झाले. पेपर आला की मी खेळाच्या बातम्यांचं शेवटचं पान आधी फाडून ठेवतो. यशू ते शोधून काढते आणि वाचते.

ती नोकरीला लागली आहे. क्लबातच. सभासदांच्या बायकामुलांना टेनिस शिकवायचं, महिन्याचा पगार. मला कळलं तेव्हा पुन्हा एकदा जमीन सरकली. पैसे घेऊन खेळणार? परक्या पुरुषांपुढे, पगारी? पण ती म्हणाली, "मामा, प्रोफेशनल म्हणून काढलंच आहे, तर प्रोफेशनल होते ना नीट. खेळायला तर मिळेल." सभासदांच्या खोलीत आता तिला बसता येत नाही. बूट बदलायला माळ्याच्या खोलीत जाते.

हे मी पचवलं. जे पचत नाही ते आज झालं. मंडळात संक्रांतीच्या तयारीची बैठक होती. दत्तोपंत ग्वाल्हेरहून दोन दिवसांसाठी आले होते. मी दाराबाहेर चपला काढत होतो आणि आतून त्यांचा आवाज आला. "आम्ही आपली म्हटलं, थैली दिली. आणि आता बघा, क्लबात पगारावर! शेवटी कराचीवालेच ते." आणि लोक हसले. तेच लोक. द्वारकाबाईंचा मुलगा होता, सगळे होते.

जिच्यासाठी पोरीने कलकत्ता सोडलं ती आपुलकी दोन महिनेसुद्धा टिकली नाही. मी आत गेलोच नाही. चपला घालून परत आलो. आत जाऊन चार शब्द सुनवायला हवे होते, पण माझी जीभ उचलली नाही. दत्तोपंतांच्या तोंडचा शब्द पाच वर्षं माझ्याही तोंडात होता. इंदूला काही सांगितलं नाही. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा आपल्याकडे करू, आणि पहिलं वाण वन्संना देऊ. बोलवायचं त्यांना सगळ्यांना. येतात का बघू.

२१ फेब्रुवारी

कलकत्त्याला जिंकलेली मुलगी इंदूरला आली होती. राजेरजवाड्यांच्या ओळखीने तिचा दौरा चालला आहे, गावोगावी खेळून दाखवते. इथे तिच्यापुढे उभं राहील अशी बाई कोणी नाही. मग क्लबाला आपली पगारी मास्तरीण आठवली. सेक्रेटरींनी मला आधीच बजावलं, "सिर्फ प्रदर्शन है, मास्टरसाहब. प्रोफेशनल के साथ मैच नहीं होता. हार-जीत नहीं लिखी जाएगी."

मी इंदूला आणि सौ.ला घेऊन गेलो. रामबागेतले बरेच आले होते आणि आमच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले होते.

यशू काय खेळली! मला आता थोडं कळतं. पहिले काही डाव ती नुसती बघत होती, समोरची कुठे कमी पडते ते. मग तिने त्या मुलीला डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं पळवलं की तिचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. देशात पहिली आलेली मुलगी! पांडुरंगराव माझ्या शेजारी बसून प्रत्येक फटक्याला मूठ आवळत होते. दुसऱ्या सेटच्या शेवटी कलकत्तेवालीचा चेंडू नेटमध्ये गेला. ती तशीच उभी राहिली.

दोन्ही सेट यशूचे. पंच उठले आणि म्हणाले, "थँक यू, लेडीज." बस्स. कोण जिंकलं ते बोललेच नाहीत. लोकांना समजेना टाळ्या वाजवायच्या की नाही. उद्याच्या पेपरात पाहुण्या बाईंचा फोटो येईल आणि खाली लिहितील, सुंदर प्रदर्शन झालं.

मला काय झालं ते माझं मलाच माहीत नाही. मी उठलो आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो तसा आवाज काढून म्हणालो, "गेम, सेट अँड मॅच, यशोधरा!" माझं इंग्रजी कसं आहे ते सगळ्या इंदूरला ठाऊक. पण ऐकू गेलं. आधी इंदूने टाळ्या वाजवल्या, एकटीने. मग पलटणीतले शिपाई कुंपणापलीकडून. मग चार खुर्च्या पलीकडूनही काही जणांनी. सगळ्यांनी नाही.

सेक्रेटरी धावत आले. चेहरा पडलेला. माझा दंड धरून हळूच म्हणाले, "मास्टरसाहब, ये क्या कर रहे हैं आप? बताया था ना, इसमें कोई हारता-जीतता नहीं."

मी म्हटलं, "अच्छा? तो फिर वो क्यों रो रही है?"

त्यांनी वळून पाहिलं. देशाची विजेती कोर्टाच्या कडेला खुर्चीत बसली होती आणि टॉवेलात तोंड घालून हमसून हमसून रडत होती.